नसलेली मालगाडी

गाडी लेट का होते, हे मला कळतं. माझे वडील रेल्वेत फाटकावर होते. शाळा सुटली की मी त्यांच्या केबिनीत दप्तर टाकून बसायचो. फाटक लागल्याशिवाय सिग्नल मिळत नाही आणि सिग्नल नसला तर ड्रायव्हरनं कितीही शिट्ट्या मारल्या तरी गाडी हलत नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पुढे नोकरी लागली जळगावला, घर राहिलं धुळे जिल्ह्यात, नरडाण्याला. सोळा वर्षं सकाळच्या पॅसेंजरनं अप-डाऊन केलं. त्या सोळा वर्षांत आमच्या डब्यात माझी जी काही किंमत होती, ती या एवढ्या ज्ञानापुरती.

गाडी मध्येच थांबली की माना माझ्याकडे वळायच्या. "का नाना, आज काय झालं?" चाळिशी न गाठलेल्या मला डबा नाना म्हणायचा, कारण मी हसत नसे. मी खिडकीतून पुढे बघायचो आणि सांगायचो. सिंगल लाइन होती तेव्हा बहुतेक वेळा क्रॉसिंग असायचं. समोरची गाडी स्टेशनात येईपर्यंत आपण बाजूच्या रुळावर उभं राहायचं. मग दुहेरीकरण निघालं, तर त्या कामासाठी ब्लॉक, आणि नव्या रुळांवरून हळू चालायचा हुकूम. दुसरी लाइन झाली तरी कोळशाच्या मालगाड्या आहेतच, सुरतेकडून मागून येणारी एक्स्प्रेस आहेच. त्यांना वाट द्यायला पॅसेंजरला बाजूला काढतात, गरीब पाहुण्याला पंगतीतून उठवावं तसं. एवढं निभावून जळगावच्या तोंडाशी यावं तर तिथे आमची लाइन मेन लाइनला मिळते, मुंबईच्या गाड्या जाईपर्यंत आउटरला उभे. शिवाय आपली माणसं. गावाला थांबा नाही म्हणून शेताच्या बांधाशी साखळी ओढून उतरणारे. तो उतरून बांधावरून चालत घरी पोचतो तरी ब्रेकमध्ये हवा भरून गाडी निघालेली नसते.

मी सांगायचो ते बरोबर असायचं. लोक "हो का" म्हणायचे आणि त्याच्याकडे वळायचे.

तो अमळनेरला चढायचा. आम्ही एकाच सरकारी कार्यालयात, एकाच दिवशी कारकून म्हणून लागलो. निवड यादीत तो माझ्याहून एक नंबर वर होता. तो नंबर पुढे सेवाज्येष्ठतेच्या यादीत तसाच राहिला. दरवर्षी यादी फळ्यावर लागायची आणि दरवर्षी माझं नाव त्याच्या पायाशी असायचं. तो माझा मित्र होता. माझा दुसरा मित्र नव्हता, म्हणून हे आणखी वाईट.

"नानांचं ऐकलं ना? आता खरं ऐका," तो म्हणायचा. "पुढच्या फाटकात वरात आहे. ड्रायव्हरला नाचायला उतरवलंय, गार्ड आहेर लिहून घेतोय."

"अहो, मागच्या आठवड्यातही वरातच होती."

"ती मुलीकडची होती भो. ही मुलाकडची."

डबा हसायचा. मालगाडी जात असताना, ती डोळ्यांसमोर दिसत असतानासुद्धा लोक वरातीवर हसायचे. मी एकदा घरी दोन दिवस घोकून एक विनोद तयार केला. गाडी पाळधीला अडकली तेव्हा म्हणालो, "माहेरी आलीय ती, निघायला वेळ लागणारच." कोणी हसलं नाही. एक तलाठी गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे नाना, हिचं इंजिन इकडचं आहे का?" त्यावर मात्र सगळे हसले, आणि सर्वांत जास्त तो. माझ्या पाठीवर थाप मारून हसला. त्या थापेत वाईट काही नव्हतं. मला ती आजही पाठीवर जाणवते.

त्याची जागा रुमाल टाकून धरलेली असायची. तो रजेवर असला की पत्ते निघायचे नाहीत. मी रजेवर असलो तर दुसऱ्या दिवशी कोणी तरी म्हणायचं, "काल नव्हता का नाना? लक्षातच नाही आलं." त्याच्या घरून आलेल्या शेवभाजीच्या डब्यात आठ हात जायचे. माझा डबा मी भिंतीकडे तोंड करून खायचो आणि बायकोला घरी सांगायचो, भाजी सगळ्यांना आवडली.

आता माझ्या कामाचं सांगतो. आमच्या टोळीत सर्वांत आधी चढणारा मी. त्यामुळे डब्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी माझा मेसेज जायचा. "नरडाणा वेळेवर सुटली", किंवा "दोंडाईच्याहूनच लेट, पाऊण तास धरा". मोबाइलवर गाडी कुठे आहे ते दिसतं, पण पॅसेंजरच्या बाबतीत ते बऱ्याचदा उभ्या गाडीला पळवतं आणि पळत्या गाडीला उभं करतं. अमळनेरची माणसं शेवटची पोळी तव्यावर टाकायची की नाही हे माझ्यावर ठरवत. कोणी तरी एकदा लिहिलं होतं, "ॲप गाडी कुठे ते सांगतं, नाना का ते सांगतात." तो मेसेज मी जपून ठेवला होता.

त्याला तर माझ्या मेसेजची फारच गरज असायची. त्याच्या वडिलांना, आबांना, लकवा मारला होता. उजवी बाजू गेलेली. बायको सकाळच्या शाळेत शिक्षिका, ती पहाटेच निघायची. आबांना उठवणं, आंघोळ घालणं, चहात बुडवून बिस्किट भरवणं, मग शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन निघणं हे सगळं त्याच्याकडे. गाडी लेट आहे म्हटलं की आबांना आंघोळ. वेळेवर आहे म्हटलं की ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. दहा मिनिटांचा हिशेब माझ्या बोटावर चालायचा.

मग आम्हा दोघांची बढती एकाच यादीत निघाली. जागा निवडण्यासाठी शनिवारी जळगावला समुपदेशन होतं. म्हणजे ज्येष्ठतेनं एकेकाला बोलवायचं, पडद्यावर रिकाम्या जागा दाखवायच्या, त्यानं सांगायची आणि सही करायची. हाक मारली तेव्हा हजर नसला तर शेवटी जे उरेल ते. अमळनेरची एकच जागा रिकामी होती. ती तो घेणार, हे कार्यालयातल्या शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. घरात राहून नोकरी, दुपारी आबांना जेवायला घालता येईल. मला जळगावच मिळणार होतं, माझं अडत नव्हतं.

शुक्रवारी परतीच्या गाडीत डब्यानं त्याला निरोप दिला. शाल, नारळ, पेढे. आता हा अप-डाऊन करणार नाही, मग आपलं कसं होणार, असं म्हणत एका मास्तरांनी त्याचा हात धरून ठेवला. मी समोरच्या बाकावर बसलो होतो. माझीही बढती झाली होती. बऱ्याच वेळानं कोणाच्या तरी ध्यानात आलं. "अरे, नानांचं पण आहे की." शाल एकच आणलेली. मग त्याच्या मांडीवरचा नारळ उचलून माझ्या हातात दिला. तो म्हणाला, "घे भो, अर्धा तुझाच." सगळे हसले. धरणगाव ते नरडाणा तो नारळ मी मांडीवर धरून बसलो. घरी गेल्यावर फोडला नाही. कोपऱ्यात ठेवला.

शनिवारी गाडी वेळेवर होती. सुट्टीचा दिवस, टोळीतलं कोणी येणार नव्हतं, ग्रुप झोपलेला. मी नरडाण्याला चढलो आणि मेसेज टाकला नाही. इथपर्यंत मी स्वतःला सांगू शकत होतो की विसरलो. पण बेटावदला गाडी थांबली आणि त्याचा फोन आला.

"भो, कोठे शे गाडी?"

घाईत असला की तो अहिराणीत शिरायचा. मागून आबांच्या कण्हण्याचा आवाज येत होता. डबा उभा, शांत. चाकांचा आवाज नव्हता. मी म्हणालो, "नरडाण्यालाच आहे. बाजूला काढलीय. मालगाडी पुढे सोडताहेत."

"मंग किती धरू?"

"अर्धा तास सहज. शिवाय इथून तिथे यायला लागेल तो वेळ."

"बरं झालं. आबा कालपासून आंघोय मागी ऱ्हायनात. घालून घेतो."

त्यानं दुसरा प्रश्न विचारला नाही. सोळा वर्षांत मी एकही कारण खोटं सांगितलं नव्हतं.

गाडी सुटली. अमळनेर यायला वीस-पंचवीस मिनिटं होती. तेवढ्यात मी फोन करू शकत होतो. फोन हातातच होता. अमळनेरला मी खिडकीचं शटर खाली ओढलं. डोक्यावर साखळी होती, लाल, हात वर केला असता तर पोचला असता. मनात म्हणत होतो, कोणी तरी ओढा. बांधावर उतरणारे ते सगळे आज कुठे गेले? कोणी ओढली नाही. कोणतीही एक्स्प्रेस मागून आली नाही, जळगावच्या आउटरला सिग्नल हिरवा होता. इतकी सरळ ती गाडी मी त्याआधी कधी जाताना पाहिली नव्हती.

सभागृहात त्याचं नाव दोनदा पुकारलं. साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "यांचं कोणाला काही माहीत आहे का?" मी माझ्या बुटांकडे बघत होतो. मग माझं नाव आलं. पडद्यावर अमळनेर अजून रिकामं दिसत होतं. मी जळगाव म्हणायला तोंड उघडलं आणि अमळनेर म्हणालो. हे लिहितानाही मला नीट सांगता येत नाही की का. घर जवळ पडत होतं, हे खरं. पण खरं कारण, ते त्याचं होतं.

तो तासाभरानं आला. धरणगावचा रस्ता खोदलेला, म्हणून एरंडोलवरून मोटारसायकल पिटाळत आला होता. हेल्मेट हातात, सदऱ्याची एक बाही कोपरापर्यंत ओली. आबांच्या आंघोळीचं पाणी. उरलं होतं रावेर. म्हणजे अमळनेरहून जळगाव, जळगावहून पुढे भुसावळवरून दुसरी गाडी, जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक.

मी त्याला बाहेर चहाच्या गाडीवर नेलं आणि म्हणालो, "ऐनवेळी मालगाडी रद्द झाली. आम्हाला एकदम सोडलं. तुला फोन लावला, लागला नाही."

त्यानं हेल्मेट बाकावर ठेवलं, चहा घेतला. मग म्हणाला, "जाऊ दे भो. तुझा काय दोष. केळी खायची सोय झाली."

पुढची अडीच वर्षं रोज सकाळी मी ज्या दारातून अमळनेरला उतरायचो, त्याच दारातून तो चढायचा. "ये पाहुण्या, बस माझ्या गावात," म्हणायचा. उतरल्यावर मागून डब्यातलं हसणं ऐकू यायचं. मी त्याची जागा घेतली आणि डबा सगळाच्या सगळा त्याला देऊन बसलो. अमळनेरपर्यंतच्या माझ्या प्रवासात टोळीतलं कोणी नसायचं. गाडी अडकली तर मी एकटाच खिडकीतून पुढे बघायचो आणि का ते एकट्यालाच कळायचं.

आमची गाडी लेट झाली की जळगावला त्याची पुढची गाडी चुकायची. चुकली नाही तर रावेरच्या आधी अडकायची. सावद्याकडे केळीचे ट्रक फाटकात खोळंबतात, रांग संपेपर्यंत गेटमनला फाटक लावता येत नाही आणि फाटक लागलं नाही की गाडी तिथेच. हे त्यानं मला फोन करून विचारलं होतं. मी सांगितलं. त्यानं ते तिकडच्या डब्यात जाऊन आपल्या पद्धतीनं सांगितलं असणार, कारण दोन महिन्यांत त्याची तिकडेही टोळी झाली. रावेरहून त्याला केळीचे घड भेट यायचे. मला अमळनेरला दोन महिन्यांत फक्त चहावाला ओळखू लागला होता. त्याचं सगळं घेऊनही हेवा गेला नाही. उलट वाढला.

पहिल्याच महिन्यात त्यानं मला विचारलं, "दुपारी जेवणाच्या सुट्टीत जरा आबांकडे डोकावशील का? काकू असतात, पण तुला ते ओळखतात."

मी नाही म्हणू शकलो नाही. रोज दुपारी जायचो. भाकरी वरणात कुस्करून द्यायचो. आबांना बोलायला त्रास व्हायचा, पण मुलाविषयी बोलायचे. तो लहानपणी बैलाशी गप्पा मारायचा, असं काहीबाही. मला त्याचाही हेवा वाटायचा. माझे वडील वारले तोपर्यंत माझ्याविषयी त्यांनी कोणाला चार वाक्यं सांगितली असतील असं मला वाटत नाही.

आबांच्या अंगाला वास यायचा. काकू म्हणाल्या, "सकाळी आंघोळीला हात लावू देत नाहीत. हट्ट धरलाय." मी आबांना विचारलं, का हो आबा? त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"मनामुये," ते म्हणाले. मग थांबून थांबून, "मना आंगे पाणी टाकत बसना. त्यानी गाडी गयी. बठ्ठं मनामुये."

मी ऐकलं. मला नीट ऐकू आलं. एका वाक्याचं काम होतं: आबा, गाडी तुमच्यामुळे गेली नाही. मी त्यांचं तोंड पुसलं, ताट धुतलं आणि कार्यालयात परत आलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. रोज जात होतो, आणि रोज जातो याचंच मला पुण्य वाटायला लागलं होतं. अडीच वर्षं.

मागच्या हिवाळ्यात आबा गेले. रविवार होता, मुलगा घरीच होता.

तेराव्यानंतर महिनाभरानं एका सकाळी आमची गाडी अमळनेरला बाजूला काढली. एक्स्प्रेस मागून येत होती. मी उतरलो, तो चढायचा तो फलाटावरच थांबला. म्हणाला, "काय नाना, वरात का?"

मी म्हणालो, "त्या शनिवारी मालगाडी नव्हती."

"कोणती?"

"समुपदेशनाच्या दिवशी. तुझा फोन आला तेव्हा मी बेटावदला होतो. गाडी वेळेवर होती."

तो हसायच्या बेतात होता. माझं तोंड बघून थांबला. "रद्द झालेली मालगाडी?"

"नव्हतीच."

त्यानं पिशवी खाली ठेवली. का, असं त्यानं विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं, शाल, नारळ, सगळं. ते त्यानं मागितलंच नाही. तो म्हणाला, "त्या दिवशी घरी आल्यावर मी आबांना बोललो होतो. तुमच्या आंघोळीपायी गेलं, असं. आयुष्यात एकदाच त्यांना वर तोंड करून बोललो."

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"आबांनी सांगितलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच महिन्यात."

एक्स्प्रेस आली. ती जाईपर्यंत बोलणं शक्य नव्हतं. ती गेली तेव्हा त्याचा चेहरा मला ओळखू येत नव्हता.

"मला आता सांगून काय उपयोग भो," तो म्हणाला. "मी रागात बोलून गेलो, त्यांना ठाऊक होतं. मला त्यांनी केव्हाच माफ केलं होतं. स्वतःला नाही केलं. तू समोर बसून भाकरी भरवत होतास."

सिग्नल मिळाला. तो पिशवी उचलून चढला. दारात नाही थांबला, आत गेला.

त्याला सात महिने झाले. आता तो मागच्या डब्यात चढतो, मी उतरतो त्या दारापासून फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. ग्रुपवर मी अजून मेसेज टाकतो आणि सगळे "धन्यवाद नाना" लिहितात. म्हणजे त्यानं कोणाला सांगितलेलं नाही. ज्याला साध्या मालगाडीची वरात करता यायची, त्यानं हातात आलेली एवढी मोठी गोष्ट डब्यात काढली नाही. माझ्याविषयी एक शब्द नाही. त्याच्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी सांगितली असती, कारणासकट. माझ्यानं झालं नसतं ते त्याला जमलंय, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाही हेवा वाटतो. म्हणून त्यानं जे सांगितलं नाही ते मी इथे सांगून टाकलं. आबांना सांगायची वेळ गेली.